रिकाम्या डब्यातला आवाज

शालन गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी धोंडिबाने कॅसेट लावली आणि टेपमधून नुसती खरखर आली. बायकोचा आवाज तेवढाच उरला होता. लेकीसाठी तिने स्वतः रचून गायलेला पाळणा. सीडी करून देतो म्हणून भाचा नरेंद्र ती कॅसेट घेऊन गेला होता, कालच परत दिली होती.

"मामा, टेप जुनी होती. पुसली गेली," नरेंद्र मान खाली घालून म्हणाला. धोंडिबाने उलट त्यालाच पाणी दिलं.

पंधरवड्याने शेजारच्या बनूबाई आल्या. "भाऊ, विठ्ठलवाडीला शून्यबाबा आलाय. रिकाम्या कॉम्प्युटरातून गेलेली माणसं बोलवतो."

धोंडिबा बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. देव नाही, भूत नाही. तरी अंबरनाथहून उठून गेला. आवाजासाठी गेला. लेक स्वप्नाली तोंड वाकडं करून बरोबर निघाली.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने कॉम्प्युटरचं झाकण काढलं. "देख लो भाई, डब्बा खाली! ना डिस्क, ना सीडी, ना फ्लॉपी! ज्याला शंका त्याने हात घाला!"

एकाने हात घातला. "खरंच काय नाय यात!"

टाळ्या पडल्या. बाबाने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरसर वर गेल्या. "हे मंत्र!" बाबा गरजला. मग पडद्यावर ज्योत आली आणि शालन गाऊ लागली. तोच पाळणा. धोंडिबा बसल्या जागेवरून पुढे सरकला.

मधेच गाणं थांबलं. खोकला आला. "अगं बाई, दूध उतू गेलं!" आणि पुन्हा पाळणा.

लोकांनी हात जोडले. स्वप्नाली उभी राहिली. "शून्यबाबा, माझी आई गेल्यावरसुद्धा गॅसवर दूध ठेवते का? हा खोकला, हे दूध, सगळं कॅसेटवरचं आहे."

"बेटी, शंका पाप है!"

"आणि तुमचे मंत्र मी कामावर रोज वाचते. आमच्याकडे डिस्क नसलेली वीस युनिक्स मशिनं, म्हणजे असेच कॉम्प्युटर आहेत. चालू झाली की वायरीतून दुसऱ्या मशिनला विचारतात, माझा पत्ता काय, मी काय चालवू? सगळं तिकडून येतं. हा डबा रिकामा, तिकडचा भरलेला."

तिने कॉम्प्युटरला घातलेल्या हाराच्या मागची वायर उपसली. पाळणा दोन शब्द पुढे गेला आणि अडकला. पडद्यावर ओळ उमटली. स्वप्नालीने मोठ्याने अर्थ सांगितला, "सर्व्हर, म्हणजे तिकडचं मशीन, उत्तर देत नाही. प्रयत्न चालू आहे."

धोंडिबा उठला. वायर हातात धरून भिंतीकडेने चालत गेला. कापडी पडद्यामागच्या खोलीत एक मशीन घरघरत होतं. त्यावर शालनची कॅसेट होती. तिच्यावरची शालनच्या अक्षरातली चिठ्ठी उचकटलेली. तीच चिठ्ठी घरी परत आलेल्या कोऱ्या कॅसेटवर चिकटवली होती. मशीनसमोर नरेंद्र बसला होता.

"मामा... बाबा म्हणाला, एक तरी आवाज खरा पाहिजे. लोकांना पटेल असा."

"बनूबाईंना माझ्याकडे कुणी पाठवलं?"

"मीच," नरेंद्र म्हणाला.

"तू माझ्या घरी पाणी पिऊन गेलास रे, त्या दिवशी."

पुढच्या रविवारी विहारात धोंडिबा सगळ्यांसमोर उभा राहिला. "मी फसलो. प्रतिज्ञा घेऊन फसलो. दुःखात माणसाला जे हवं तेच खरं वाटतं. कुणी रिकामा डबा दाखवला तर डब्यात बघू नका, वायर कुठे जाते ते बघा. लेकरांना विचारा, शिकलेल्यांना विचारा. विचारायला लाजू नका."

पोलिसांना द्यायचा अर्ज लिहून झाला आहे. बाबाचं नाव त्यात आहे. बहिणीच्या मुलाचं नाव लिहायचं अजून राहिलं आहे.