डबी परत द्या

"आता कशी देऊ परत? सोमवारी पाव्हणे यायचेत सृष्टीला बघायला," राहीबाईने दार अर्धंच उघडं धरलं.

उंबऱ्याबाहेर मुक्ता घट्ट झाकणाची बरणी घेऊन उभी होती. तिसगावात तिचं बारा वर्षांचं ब्युटी पार्लर. गोरं करणारं ते क्रीम, डबीवर ना नाव ना पत्ता, दोन वर्षं तिनेच विकलं होतं.

"मावशी, त्यात पारा हाय. धनश्रीच्या किडन्या त्यानंच गेल्या."

"तिला आधीचंच कायतरी असंल."

"न्हवतं. माझ्याच हातानं लावलं म्या तिला."

आतून सृष्टी आली. आईकडे न बघता तिने डबी बरणीत टाकली आणि आत निघून गेली.

मुक्ता पुढच्या गल्लीला लागली. महिनाभर हेच चाललं होतं. डब्या उकिरड्यावर टाकू नका, जाळूही नका, आमच्याकडे आणून द्या, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

धनश्री एकोणीस वर्षांची. पहिल्याच महिन्यात चेहरा उजळला तेव्हा पार्लरच्या आरशात बघून केवढी हसली होती! मग सकाळी डोळे सुजायला लागले, पुढे पाय. "झोप कमी पडत असंल," मुक्ता तिला म्हणाली होती. ते वाक्य आता तिला कुठेही गाठायचं. गिऱ्हाइकाच्या पापण्या जरा जाड दिसल्या की भुवया कोरता कोरता दोरा बोटांत तसाच थांबायचा. नगरच्या डॉक्टरांनी 'चेहऱ्याला काय लावता' असं विचारलं, तोवर फार उशीर झाला होता.

धनश्रीच्या आईचं घर मुक्ताने शेवटी ठेवलं होतं. धनश्री गेली तेव्हा मातीलाही जायचा तिला धीर झाला नव्हता. दगडाबाई ओसरीवर बाजरी पाखडत होती.

"अक्का, ती डबी..."

"हाय." दगडाबाईने लुगड्याच्या घडीतून डबी काढून आणली. झाकण उघडून नाकाशी धरली. "रोज घेते. लेकीच्या गालाला ह्योच वास यायचा."

"अक्का, वासानंबी जातंय ते अंगात."

"मंग हेबी नेनार?"

मुक्ताला मान वर करवेना. "झोप कमी पडत असंल, म्हनले मी तिला. तवाच दवाखान्यात धाडली असती तर..."

"सांगितलं हुतं तिनं," दगडाबाई म्हणाली. "ताई असं म्हनत्यात म्हनली. मंग म्याबी तिला निजू दिली."

मग दगडाबाईने झाकण घट्ट फिरवलं, डबी स्वतःच बरणीत ठेवली आणि मोरीजवळचा तांब्या उचलला.

"हात पुढं कर. उघड्या हातांनी गोळा करत हिंडती व्हय?"

मुक्ता वाकली. दगडाबाईने तिच्या हातावर साबणाची वडी ठेवली, पाण्याची धार धरली. फेस केव्हाच वाहून गेला. मुक्ताने हात मागे घेतले नाहीत, आणि दगडाबाईनेही धार थांबवली नाही.