मी कापलेल्या शंभर बिया

मी सुरी बोलतेय. भाजीची नाही, फळांचीही नाही. कोकोची बी उभी कापून आत काय आहे ते दाखवणारी सुरी. बोटभर पातं, टोकाला जरा वाकडं, मुठीला सुती चिंधी गुंडाळलेली. सध्या टेकडीवरच्या एका घराच्या खिडकीत पडून आहे. गंज चढतोय. चढू दे! पण पुरती निकामी होण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी सांगणारच. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगते.

माझा जन्म लोहाराकडचा. मोडक्या करवतीचं पातं होतं, त्याचे दात घासून मला केलं. कोकोच्या गोदामात नुकतेच तपासनीस म्हणून लागलेले एक तरुण गृहस्थ तिथे आले. त्यांनी अंगठ्यावर माझी धार पाहिली आणि म्हणाले, "हिला दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." ते माझे मालक. शब्दाचे पक्के. बावीस वर्षं मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिले. दिवसा गोदामात, संध्याकाळी घरी. म्हणून मला दोन्हीकडचं ठाऊक आहे.

तुम्हाला कोको म्हटलं की डब्यातली तपकिरी पूड आठवते. दुधात घालायची, केकमध्ये घालायची, झालं. मी पाहिलेला कोको वेगळा. फळ फोडलं की पांढऱ्या चिकट गरात बिया असतात. त्या लाकडी पेटीत भरून सहा दिवस आंबवायच्या, मग आठ-दहा दिवस उन्हात पसरून हाताने उलटत राहायच्या. मग पोत्यात, ट्रकमध्ये, जहाजात. पुढे कारखान्यात त्यांची चरबी काढतात. ती चॉकलेटमध्ये जाते, मलमात जाते, ओठांना लावायच्या रंगातही जाते. राहिलेल्याची पूड होते. टरफलंसुद्धा बागेत झाडांच्या बुडाशी टाकतात.

या सगळ्याच्या मध्ये मी. प्रत्येक मालातून शंभर बिया काढायच्या, एकेक उभी कापायची आणि शंभर खाचांच्या फळीवर मांडायची. आत तपकिरी आणि चिरा पडलेली, तर उत्तम. जांभळी असेल तर आंबवायला घाई केली. पांढरी बुरशी, तर गेलं सगळं. हे माझं काम, आणि यात मी कधी चुकले नाही.

पण धूर मला दिसत नाही. पाऊस लांबला की लोक वाळवणाच्या फळ्यांखाली लाकडं पेटवतात. बीमधली चरबी तो धूर पिऊन घेते, आणि मग भाजा, दळा, काही करा, वास जात नाही. एक पोतं कारखान्यातला अख्खा घाणा नासवतं. तो धूर ओळखायला नाकच लागतं.

आणि मालकांचं नाक म्हणजे काय विचारता! पोतं वाटेत रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलं होतं, हे ते दोन हातांवरून सांगत. सगळे त्यांना 'नाकवाले साहेब' म्हणत. त्यांनी पास केलेला माल पुन्हा कुणी उघडून पाहत नसे. मलाही त्यांचा फार अभिमान होता.

मग नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना ताप आला. आठवड्याने उतरला. बरे होऊन ते स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि शेजारी शेगडीवर दूध करपून कोळसा होत होतं. मालकांच्या पत्नी, आमच्या बाईसाहेब, अंगणातून धावत आल्या.

"अहो, वास नाही आला तुम्हाला?"

मालकांनी भांड्याकडे पाहिलं. मग उठून मसाल्याचा डबा उघडला, साबण हुंगला, माझ्या मुठीची चिंधीसुद्धा हुंगली. खाली बसले आणि म्हणाले, "अगं, कुणाला बोलू नकोस."

त्या दिवसापासून घरात नवा रिवाज सुरू झाला. मालक रोजच्या मालातल्या मूठमूठ बिया रुमालात बांधून आणत. पहिल्या मालाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. बाईसाहेब हात धुऊन, डोळे मिटून हुंगत. सुरुवातीला "सगळं सारखंच हो" म्हणत. पण सहा महिन्यांत त्या इतक्या तयार झाल्या की मालक गप्प बसून ऐकत. "हा धुराचा. हा ठीक. याला गोणीचा ओला वास आहे." सकाळी गोदामात मालक तेच सांगत. "माल रात्रभर बसू द्यावा, मग नाकाला खरं कळतं," असं त्यांनी ठोकून दिलं होतं. गंमत अशी, की पलीकडच्या गोदामातल्या तपासनिसानेही मग माल रात्रभर बसवायला सुरुवात केली. मला खिशात हसू यायचं. आता नाही येत.

तिसऱ्या वर्षापर्यंत टेकडीवरच्या वाडीचा माल दोनदा परत गेला होता. दोन्ही वेळा धूर. बाईसाहेबांनी बरोबर ओळखला होता, त्यात शंका नाही. गोदामाचा नियम असा, की तिसऱ्यांदा नापास झालं तर वाडीचं नाव यादीतून कटाप आणि ट्रक टेकडी चढणं बंद. त्या वाडीत दुसरं काही पिकत नव्हतं. सगळ्या घरांची झाडं कोकोचीच.

तिसऱ्या वेळी माल घेऊन एक बाई स्वतः आल्या. उन्हाने रापलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनीच वाडीतल्या घराघरात जाऊन वाळवणाखालचा जाळ बंद करायला लावला होता. "साहेब, या खेपेला एक काडी पेटवली नाही. ढग आला की चादरी घेऊन आम्ही सगळे धावायचो. माझ्या सासूबाई तर वाळवणापाशीच झोपायच्या. नीट बघा हं."

मी शंभर बिया कापल्या. काय सांगू! अशा बिया बावीस वर्षांत फार थोड्या कापल्या असतील. आगीवर वाळवलेल्या बीचं टरफल करकरीत होतं आणि गाभा ओलसर राहतो. ही आतबाहेर सारखी कोरडी होती, तपकिरी, चिरा सुरेख. माझ्या पात्याला कळलं, म्हणजे मालकांच्या हातालाही कळलंच असणार. पण त्यांनी रुमालाला गाठ मारली आणि म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो."

घरी आलो, तर बाईसाहेब डोक्याला फडकं बांधून बसलेल्या. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. साधी सर्दी हो! दुसरं काही नाही. त्यांनी तीन-तीनदा हुंगलं, वाफ घेऊन हुंगलं. "नाही कळत हो. दोन दिवस थांबा म्हणावं."

"ट्रक उद्या दुपारी बंदराला जातोय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"आणि काय सांगू? माझं नाक घरी आजारी पडलंय?"

मालकांनी एक बी तोंडात टाकून चावली. बराच वेळ चावली आणि थुंकली. नापास करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पास करून धूर निघाला, तर मात्र तीन वर्षांचं सगळं बाहेर येणार होतं.

सकाळी त्या बाई पोत्यापाशी उभ्याच होत्या. मालक म्हणाले, "धूर आहे."

"शक्यच नाही. साहेब, परत घ्या ना वास. माझ्यासमोर घ्या."

आणि मालकांनी घेतला! पोत्याचं तोंड उघडून, खाली वाकून, डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. मग मान हलवली. मी हातातच होते. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडले असते. बाईंनी पोती परत नेली. कुणाशी भांडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी बाईसाहेब सदरा धुवायला काढत होत्या. खिशात रुमाल सापडला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि बाहेर आल्या. "अहो, हा कुणाचा माल? किती छान आहे हा!"

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या साहेबांपुढे जाऊन मालकांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी उठून दार लावलं. "हे बाहेर गेलं तर तीन वर्षांचा माल लोक परत पाठवतील. तब्येतीचं कारण द्या आणि घरी बसा. टेकडीचं म्हणाल तर त्यांच्या जागी दुसरी वाडी घेतली आम्ही." झालं! एवढ्यात सगळं मिटलं.

दोन महिन्यांनी मालक मला खिशात घालून टेकडी चढले. निम्म्या घरांना कुलपं होती. बाईंच्या अंगणापलीकडे कोकोच्या झाडांचे नुसते बुंधे उरले होते, आणि त्या कुऱ्हाड बाजूला ठेवून घाम पुसत होत्या. त्यांनी मालकांना ओळखलं. तरी बसायला सांगितलं, आणि आतून पेलाभर काळपट, दाट, वाफाळतं काहीतरी आणून दिलं.

"परत आलेला माल आहे. भाजतो, कुटतो आणि पितो. चौदा वर्षं पिकवला, चव आत्ता कळली. प्या. आणि सांगा, कुठे आहे धूर?"

मालक प्यायले. पेला हातात तसाच धरून म्हणाले, "मला वास येत नाही, बाई. तीन वर्षं झाली. चवही नाही. तुमचा माल चांगला होता."

बाईंनी विचारलं, "मग त्या दिवशी पोत्यात तोंड घालून काय करत होता?"

मालक रडायला लागले. बाईंनी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. "मग तुम्हाला देऊन काय उपयोग," म्हणाल्या आणि तो दाराशी बसलेल्या सासूबाईंना दिला. म्हातारीने फुंकर घालून घोट घेतला. "चांगला झालाय," ती म्हणाली.

मालकांनी मला खिडकीत ठेवलं आणि ते उतरून गेले. पुन्हा आले नाहीत. बाई मला वापरत नाहीत. फक्त एकदा त्यांनी माझ्याने एक बी कापली, बराच वेळ पाहिली आणि दोन्ही अर्धुकं माझ्याशेजारी ठेवून दिली. ती अजून इथेच आहेत.

मी मालकांना वाईट म्हणत नाही. त्यांचा हात मी ओळखते. पण उद्या तुमच्यापुढे कुणी आपल्या वर्षभराच्या कष्टांचं पोतं उघडलं आणि तुम्हाला त्यातलं काही समजत नसेल, तर एवढं करा. सरळ 'मला कळत नाही' म्हणा. तीनच शब्द आहेत. बावीस वर्षांत त्या गोदामात मी ते एकदाही ऐकले नाहीत.