तांब्यातले लाल सरबत

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. जुन्या हुबळीतल्या एका अरुंद गल्लीत तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, गळ्याला आटे पाडले आणि वर झाकण बसवले. रायापूरच्या सुधींद्र अप्पांनी मला विकत घेतले. त्यांची सरकारी नोकरी फिरतीची. अळणावर, कलघटगी, नवलगुंद, जिथे ते जात तिथे मीही जाई. "ह्यातलं पाणी म्हणजे पाणी!" असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे घरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. मी कपाटावर चढलो आणि तिथेच काळवंडलो.

मग त्यांची मुलगी मेधा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून निघाली. "बाटली कशाला? हा घेऊन जा की," म्हणत अप्पांनी मला खाली काढले आणि घासून लख्ख केले.

तिथे आधी तीन महिने प्रशिक्षण होते. ते संपल्यावर शाळेत रुजू होण्यापूर्वी देश बघायला आठ दिवसांची सुट्टी मिळाली. मेधा आणि तिच्याबरोबर शिकणारी तिथलीच अजोआ, दोघी निघाल्या. केप कोस्टचा समुद्रकाठचा किल्ला पाहिला. गुलाम म्हणून विकलेली माणसे जिथे कोंडून ठेवत, त्या तळघरातून बाहेर आल्यावर दोघी माझ्यातले सगळे पाणी प्यायल्या. काकूमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांना बांधलेल्या झुलत्या पुलावरून मेधा दोर घट्ट धरून चालली. कुमासीच्या बाजारात ती दोनदा हरवली. शेवटी उत्तरेला तमाले गावी पोचल्या. आता फक्त मोलेच्या जंगलातले हत्ती राहिले होते.

तमालेच्या स्टँडवर मेमुना आंटी नावाची बाई लाल सरबत विकत होती. मेधाने एक घोट घेतला आणि ओरडलीच, "अगं, ही तर आमची पुंडी!" अंबाडीला धारवाडकडे पुंडी म्हणतात; तिच्याच आंबट लाल बोंडांचे ते सरबत. घरची आठवण येऊन तिने मला त्या सरबताने गळ्यापर्यंत भरून घेतले.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तिला थांबवले असते. आंबट पदार्थ माझे तांबे खातो. रात्रभर तो ते खात राहिला आणि ते सरबतात उतरत गेले.

दुसऱ्या दिवशी मोलेच्या गाडीत उकडू लागले. मेधाने आधी अजोआला सरबत दिले. ती तहानेने घटाघटा अर्ध्याहून जास्त प्यायली. मेधाने दोन घोट घेतले; तिला ते कडवट लागले. थोड्याच वेळात अजोआ पोट धरून वाकली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. ड्रायव्हरने गाडी वाटेतल्या दवाखान्याशी उभी केली. "काय प्यायली ही?" त्याने विचारले. मेधाने सांगितले. त्याने तिथूनच स्टँडवर फोन लावला, "मेमुनाचं सरबत कोणी घेऊ नका!"

दुपारी अजोआला जरा बरे वाटल्यावर मेधाने घरी फोन केला.

"सरबत कशात ठेवलं होतंस?" अप्पांनी विचारले.

"आपल्या तांब्यात."

"अय्यो, मेधा! तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवतात होय? मीच सांगायला हवं होतं गं."

मेधाने माझ्याकडे पाहिले. मला तिथे जमिनीत गडप व्हावेसे वाटले. चूक तिची होती, पण विष माझे होते.

सकाळी अजोआ उठून बसली. सुट्टीचा एकच दिवस उरला होता आणि हत्ती तासाभराच्या वाटेवर होते. "मला तमालेला परत जायचंय," मेधा म्हणाली. अजोआने आपली पिशवी उचलली.

स्टँडवर मेमुना आंटी भरल्या पातेल्यापाशी एकटीच बसली होती. मेधाने मला तिच्यापुढे ठेवले, सगळे सांगितले, माफी मागितली. आंटीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस? माझं सरबत चांगलं आहे, हे मला माहीतच आहे. त्यांना सांग."

मेधा गाड्यांच्या रांगेकडे गेली. तोच ड्रायव्हर तिथे होता. चार-पाच जणांना आंटीच्या पातेल्यापाशी आणून तिने माझे झाकण काढले आणि आतला हिरवट डाग दाखवला. "दोष ह्या भांड्याचा नि माझा," ती म्हणाली, आणि आंटीकडून पेला घेऊन गटागटा प्यायली. लोक बघत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "तू कुठे आजारी पडली होतीस?"

मेधाने अजोआकडे पाहिले. तिला पी म्हणून कसे सांगणार? कालच तर ती उलट्यांनी बेजार झाली होती.

तेवढ्यात अजोआने स्वतःच पेल्यासाठी आंटीपुढे हात केला. तिने पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, सगळा रिकामा केला आणि तिथेच बाकावर बसली. अर्धा तास गेला, तिला काहीच झाले नाही. मग ड्रायव्हर खिशात हात घालत आंटीकडे वळला, "एक दे."

मेधाला हत्ती दिसले नाहीत ते नाहीतच.

आता मी रायापूरला परत आलो आहे, स्वयंपाकघरात पाण्याने भरलेला असतो. मित्रांनो, भांडी नुसती घासूपुसू नका. कशात काय ठेवावे, तेही मोठ्यांना विचारून घ्या. आणि आपल्या चुकीचा बोल दुसऱ्यावर आला, तर जिथे तो आला तिथेच, चार लोकांत जाऊन सांगा.