वेलांटी

"सावकाश सांग ना! माझा हात आहे, शिलाईचं मशीन नाही," शिवणवाली खेकसली.

मावशी हसली. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात ती सगळ्या बराकीचं रांधायची, पण अक्षराशी तिची ओळख नव्हती. म्हणून लेखनवर्गाच्या बाईंनी तिला शिवणवालीच्या गळ्यात बांधलं होतं. मावशीने सांगायचं, हिने लिहायचं. मोत्यासारखं अक्षर हिचं आणि वाहवा मात्र मावशीची! शिवणवालीने स्वतःची कथाही लिहून दिली होती. ती वाचून बाई म्हणाल्या, "छान आहे गं, पण यात तू कुठे आहेस?" तेव्हापासून तिच्या पोटात दुखत होतं.

त्यात नातेवाइकांच्या भेटीच्या दिवशी एकच कथा वाचली जाणार होती. आपली निवडली गेली तर लेकीला निरोप धाडायचा, असं तिने ठरवलं होतं. अटक झाल्यापासून लेक एकदाही फिरकली नव्हती. चार माणसांत आईचं नाव मानाने घेणार म्हटल्यावर तरी येईल.

"लिही," मावशी म्हणाली. "तो पहिल्यांदा भेटायला आला. जाळीपलीकडे उभा राहिला. मग म्हणाला, आई, तू जेवलीस का?"

शिवणवालीचं पेन थांबलं. दर भेटीला हिचा मुलगा हजर, आणि वर असलं वाक्य मेलीला आयतं मिळावं? गाळून टाकलं तर कुणाला कळणार आहे? आधीची दोन चांगली वाक्यं तिने अशीच गिळली होती. हे मात्र गिळता येईना. रागारागाने तिने ते लिहून टाकलं.

वर्गात बाई वाचू लागल्या, "ती पहिल्यांदा भेटायला आली. जाळीपलीकडे उभी राहिली..."

"अहो बाई, ती कोण? मला तर मुलगा आहे!" मावशी म्हणाली आणि सगळ्याजणी खिदळल्या. "काय गं शिवणवाली, झोपेत लिहिलंस की काय?"

शिवणवालीने मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "मुलगा काय, मुलगी काय. आलं ना कुणीतरी? वाचा तसंच."

निवड मावशीच्याच कथेची झाली. पण शिवणवालीला त्याहून मावशीचा तो मोठेपणा डाचला. मेलीने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

चुका सुधारायला कागद तिच्याकडेच परत आला. आधी तिने गिळलेली दोन्ही वाक्यं समासात लिहिली. मग शिवण उसवावी तशी ती शेवटाकडून निघाली. 'म्हणाली'चं 'म्हणाला' केलं. 'उभी राहिली'चं 'उभा राहिला' केलं. 'आली'पाशी आल्यावर मात्र हात अडला. वेलांटी खोडून काना द्यायचा, एवढंच काम होतं.

तिने पेनाला टोपण लावलं आणि कागद बाईंना देऊन टाकला.