सासरा, सून आणि मधली मी

मी नालवाडीच्या वासुदेवराव मास्तरांच्या ओसरीवरची सायकल बोलतेय. काळा रंग, पुढे आडवी दांडी, मागे भक्कम कॅरियर. घंटी जरा घोगरी आहे, पण ती पहिल्यापासूनच तशी. सायकलनं पळावं एवढीच लोकांची अपेक्षा असते. माझ्या वाट्याला मात्र बराच काळ एका जागी उभं राहून दोन माणसांचं बोलणं ऐकणं आलं, आणि खरं सांगते, पळण्यापेक्षा ते काम अवघड होतं.

माझा कारखाना कुठं होता ते मला आठवत नाही. गवतात गुंडाळलेली, सुटी सुटी अशी मी रेल्वेनं वर्ध्याला उतरले आणि कवडू सायकलवाल्याच्या दुकानात जोडली गेले. तिथून मला मास्तरांच्या मुलानं, चंद्रभाननं घरी आणलं. तो वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. कापसाच्या हंगामात माझ्या चाकांच्या तारांत सरकी नि रुई अडकायची, ती तो एकेक करून काढायचा. दांडीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. तेलानं धूळ चिकटते, असं कवडूनं त्याला कितीदा तरी सांगितलं, पण हौसेपुढं कोण ऐकतो? मग एका पावसाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला आणि त्यातच तो गेला. मी ओसरीच्या भिंतीला टेकून राहिले. घरात उरले मास्तर आणि त्यांची सून अन्नपूर्णा.

आता या घराची रीत सांगायला हवी. सून सासऱ्यापुढं येताना डोक्यावरून पदर ओढून घ्यायची, आणि त्यांच्याशी तोंडानं बोलणं तर नाहीच. सासरेही तिला नावानं हाक मारायचे नाहीत. सासू होती तोवर ती दोघांचे निरोप न्यायची-आणायची. ती वारल्यावर ते काम चंद्रभानकडं आलं. बिचारा मधल्या दारात उभा राहून एकदा इकडं, एकदा तिकडं तोंड फिरवायचा. तो गेल्यावर निरोप न्यायला कोणीच उरलं नाही.

मग भांडी बोलू लागली. जेवण तयार झालं की ती ताटावर वाटी वाजवी. पाणी हवं असलं की मास्तर खाकरत. त्या सालात आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. बाहेर माणसं त्यावर तावातावानं बोलत, आणि आमच्या घरात आमटी खारट झाली एवढं सांगायचीही सोय नव्हती. मला दोघांचाही राग येई.

एका सकाळी मास्तर जुन्या धोतराच्या फडक्यानं मला पुसत होते. पुसता पुसता थांबले, माझ्या सीटवर हात ठेवला आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "सायकले, उद्या मले उपास आहे. भाकर टाकू नको म्हणून सांग तिले."

मग दाराआडून आवाज आला, "सायकले, साबुदाणा भिजवू काय, विचार त्यायले."

अशी मी निरोप्या झाले. रीतही मोडली नाही आणि बोलणंही सुरू झालं. माणसं आपल्याच घातलेल्या कुंपणाला कुठं फट ठेवायची हे बरोबर शोधून काढतात.

पहिले काही दिवस उपास, सरपण, वाण्याचं सामान एवढंच चाललं. पण एकदा तोंड उघडलं की माणूस सामानाशी थांबत नाही. मास्तर मला सांगू लागले की तरुणपणी ते गिरडच्या शाळेत शिकवायला होते, टेकडीवरच्या दर्ग्याला जाणारी माणसं खिडकीतून दिसायची, आणि आपल्या हाताखालची एक तरी पोरगी शिकून मास्तरीण व्हावी असं त्यांना फार वाटायचं. पोरी चौथीच्या पुढं येतच नसत. मास्तरांना मरणाचं भय नव्हतं. पण हे घर कुलूप लावून पडेल, दिवेलागणीला आत कोणी नसेल, या विचारानं त्यांना घास उतरत नसे.

अन्नपूर्णा दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. मग तीही बोलू लागली. तिला भावाच्या घरी परत जायचं भय होतं. तिथं कोणी तिला वाईट वागवणार नव्हतं. जन्मभर कोपऱ्यात बसवून प्रेमानं जेवायला घालणार होते, आणि तिला नेमकं तेच नको होतं. एकदा तिनं तिचं स्वप्नही सांगितलं.

"सायकले, मले सपनात एक गाव दिसते. तिथं मले कोणी विचारत नाई की तू कोनाची कोण. बाया म्हणतात, बाई, तुमी पुन्हा कवा येता?"

मास्तरांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ही पोर इतकी वर्षं आपल्या घरात वावरते आणि आपल्याला एवढंच ठाऊक की तिची भाकरी पातळ असते, असं ते मला म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. मलाही भरून आलं, पण लोखंडाला रडता कुठं येतं.

थोड्याच दिवसांत तिनं मनातली गोष्ट बाहेर काढली. गावोगाव जाऊन बायकांना बाळांची निगा, स्वच्छता, औषधपाणी शिकवायला सरकार ग्रामसेविका निवडणार होतं. अन्नपूर्णा सातवी पास होती. फक्त वर्ध्याला साहेबांपुढं सायकल चालवून दाखवायची होती, कारण जिला सायकल येत नाही ती खेडी फिरणार कशी? निवड झाली की आधी शिकायला आणि मग नोकरीला बाहेरगावी जायचं होतं. एवढं सांगून ती म्हणाली, "सायकले, त्यायले विचार, मी जाऊ काय?"

त्या दिवशी मास्तर पानावरून तसेच उठले. मला त्यांचा राग आला, पण त्यांना काय दिसत होतं तेही मला कळत होतं. ती गेली की ओसरीवर ते एकटे.

त्याच सुमारास मास्तरांची बहीण जिजाबाई चार दिवस राहायला आली. आल्या दुपारीच तिनं अन्नपूर्णेला माझ्याशी बोलताना ऐकलं. झालं. चंद्रभानचा जीव सायकलीत अडकला आहे आणि त्यानं बायकोला झपाटलंय, असं तिनं ठरवूनच टाकलं. माझ्या हँडलला लिंबू-मिरची बांधली. पोरीला गिरडला दर्ग्यावर नेऊन बसवायची तयारी केली. दुसऱ्या सकाळी तिनं आपला शिकलेला, एके काळी शाळेत विज्ञान शिकवणारा भाऊही माझ्याशी गुळाच्या ढेपेबद्दल बोलताना पाहिला आणि ती मटकन खाली बसली. एकाला झपाटलं तर समजू शकतं, पण दोघांना?

खरा प्रकार कळल्यावर ती हसली नाही. भूत असतं तर तिला बरं वाटलं असतं. तरुण विधवा सून आणि एकटा सासरा, हे असं किती दिवस चालणार, लोक काय म्हणतील, असं ती म्हणू लागली. तिनं परस्पर अन्नपूर्णेच्या भावाला कळवलं आणि त्यानं रविवारी बैलबंडी घेऊन तिला न्यायला यायचं ठरलंही. अन्नपूर्णा दाराआड उभी होती. माझ्याकडं पाहत होती.

मास्तर उठले. मला वाटलं, नेहमीसारखे माझ्याकडं येतील. ते बहिणीपुढं जाऊन उभे राहिले.

"जिजे, बंडी येऊ देऊ नको. पोरगी वर्ध्याले जाईन, आन् सायकलवर जाईन."

मग शिकवणं सुरू झालं. कवडूनं माझी सीट खाली करून दिली. गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात सकाळी सकाळी मास्तर माझं कॅरियर धरून मागं पळायचे. नऊवारीचा काष्टा असल्यामुळं दांडीची अडचण अन्नपूर्णेला कधी झाली नाही. अडचण होती पदराची. दोन पायंडल मारले की वाऱ्यानं पदर सरकायचा, मागं सासरे असायचे, आणि तिचा डावा हात हँडल सोडून डोक्याकडं जायचा. की आम्ही दोघी जमिनीवर. तिचे गुडघे सोलले, माझा मडगार्ड वाकला. विहिरीवरच्या बाया घागरी बाजूला ठेवून पाहायच्या.

मास्तर मागून धापा टाकत ओरडायचे, "सायकले, सांग तिले, हात सोडू नको." पण धावत्या सायकलीकडून निरोप कसा जायचा? तो माझ्या मागंच राहायचा, धुळीत. मी कधी एवढी निरुपयोगी झाले नव्हते.

निवडीच्या आदल्या सकाळीही ती पडली. या वेळी कोपरातून रक्त आलं. ती मातीत बसली होती, पदर मात्र डोक्यावर घट्ट धरलेला. मास्तरांनी कॅरियर सोडलं आणि फिरून तिच्यापुढं आले. तिच्या तोंडाकडं त्यांनी पहिल्यांदाच सरळ पाहिलं असेल.

"अन्नपूर्णा," ते म्हणाले, "पदर सोड. दोन्ही हातानं हँडल धर."

ती माती झटकत उठली. "मामाजी, डोकं उघडं पडन."

"पडू दे. तू रस्त्यावर नजर ठेव."

तिनं पदर कमरेला खोचला आणि माझ्यावर बसली. दोन्ही हातांची पकड अशी होती की माझं हँडल दुखलं. आम्ही विहीर ओलांडली, बायांना ओलांडलं, आणि मास्तर कधी मागं पडले ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. उतरायचं कसं हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती पटांगणाला फेऱ्या मारत राहिली, आणि शेवटी मास्तरांनी पुढं होऊन आम्हाला कवटाळलं तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

निवड झाली. शिकणं झालं. मग गिरडच्या बाजूला समुद्रपूर भागात नेमणूक झाली. निघायच्या सकाळी ट्रंक कॅरियरला बांधताना मास्तरांची गाठ सारखी सुटत होती.

अन्नपूर्णा म्हणाली, "मामाजी, मले भेव वाटून राह्यलं."

"मलेही वाटून राह्यलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाठ करकचून आवळली. "निघ. ऊन चढायच्या आत वर्ध्याले मोटार धर."

आता माझा रंग उडालाय, ट्यूबला ठिगळं आहेत, चेन कुरकुरते. मास्तर नालवाडीतच असतात. ती रजेवर गेली की दोघं ओसरीवर समोरासमोर बसून बोलतात, वादही घालतात, आणि माझ्याकडं कोणी पाहत नाही. थोडं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण हे असंच हवं होतं.

तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भाकरीपलीकडचं तुम्हाला काही ठाऊक नाही. त्याला कशाची भीती वाटते, काय व्हावंसं वाटतं, ते तुम्हीच विचारा, स्वतःच्या तोंडानं. मला मधे घेऊ नका. मला आता सवड नाही. पुढच्या गावात बाया जमल्या आहेत, चढ मोठा आहे, आणि अन्नपूर्णेनं पायंडलवर पाय ठेवलाय.