डावा गाल

शिंपीकाका जिन्यावरून पडले ते थेट तोंडावर. तपासणीच्या खोलीत आले तेव्हा डावा डोळा सुजून मिटला होता. सोबत कोणी नव्हतं. एक कापडी पिशवी होती, तीही स्वतःच शिवलेली.

जबड्याच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मागे उभे राहून डोक्यावरून दोन्ही गाल पाहिले. हाडाची उंची अशी वरून नीट कळते. मग डोळ्याखालचा हाडाचा काठ बोटांनी हळूहळू चाचपला.

"गाल बधिर वाटतो का?"

"बधिर कसला, चांगला ठणकतोय."

"दात आधीसारखे एकमेकांवर बसतात?"

"दात घरी ग्लासात आहेत, साहेब. त्यांना विचारावं लागेल."

डॉक्टर हसले, पण त्यांचं बोट तिथेच थांबलं. इतक्या सुजेतही डावा गाल उजव्यापेक्षा बसका लागत होता. "हा आधीपासून असाच आहे का?"

"आरशात मी फक्त दाढीपुरता बघतो."

"एखादा जुना फोटो?"

"फोटो काढायला समोर कोणीतरी लागतं."

"घरचं कोणी सांगू शकेल? हाड आज सरकलं असेल तर ऑपरेशन करावं लागेल. सहीलाही माणूस लागेल."

काकांनी तोंडपाठ असलेला एक नंबर घडाघडा सांगितला. थोरल्या बहिणीचा. डॉक्टरांना वॉर्डात जायचं होतं. स्कॅन करून बहिणीला फोटोचं विचारा, असं मला, स्कॅन काढणारीला, सांगून ते गेले.

यंत्राच्या फळीवर मी काकांचं डोकं उशीत नीट बसवत होते.

"बारा वर्षं बोललो नाही आम्ही," ते छताकडे बघत म्हणाले. "भांडण कशावरून, ते आता मलाही धड आठवत नाही. पण ऑपरेशन म्हटल्यावर ताई येईल. सही करायला तरी येईलच."

"काका, हाड मोडलेलं असावं असं वाटतंय की काय तुम्हाला?"

"थोडंसं," ते म्हणाले. "आता हलू नका म्हणाल ना?"

काचेमागे बसून मी चित्रं पाहिली. हाड मोडल्याची रेघ होती, पण तिच्या कडा गुळगुळीत, भरून आलेल्या. गालामागच्या पोकळीत रक्ताचा थेंब नव्हता. ताजं मोडलेलं हाड असं दिसत नाही. वीस वर्षं हेच बघते आहे मी. पण आमच्याकडे नियम आहे: चित्र काढणाऱ्याने चित्राबद्दल बोलायचं नाही, बोलतील ते डॉक्टर.

मी फोन लावला. काका पडलेत हे सांगितलं, फोटोचं विचारलं.

"फोटो नाही," पलीकडचा आवाज म्हणाला. "डावा गाल ना? तो बसकाच आहे त्याचा. चार वर्षांचा होता, झोपाळ्याची फळी लागली. झोका मीच दिला होता." मग तिने विचारलं, "ऑपरेशन आहे का? मी यायला हवं का?"

म्हातारं माणूस घाबरलंय, एवढंच माझ्या मनात आलं. रोज सकाळी मी ठरवते की आज आपल्या बोलण्याने कोणाचा जीव दुखवायचा नाही. मी चटकन म्हणाले, "नाही मावशी, काळजी करू नका. आजचं काही मोडलेलं नाही. ऑपरेशन लागणार नाही."

"मग बरं," ती म्हणाली. पुढे काही तरी बोलेल म्हणून मी फोन कानाशी धरून ठेवला. तिने ठेवून दिला.

तेव्हा कळलं मी काय केलं ते. अजून काही ठरलेलं नाही, डॉक्टर बघतील, असं म्हणाले असते तर तेही खरंच होतं. नियमातलं होतं. आणि ती आली असती. पुन्हा नंबर लावला. कोणी उचलला नाही.

बाहेरच्या बाकावर काका बर्फाची पिशवी गालाला धरून बसले होते.

"येते म्हणाली?"

"येऊ का, असं विचारलं त्यांनी. मीच सांगून बसले, ऑपरेशन नाही म्हणून. चुकलं माझं, काका."

त्यांनी बर्फाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. समोरून एक रिकामी ढकलगाडी गेली.

"खरं तेच सांगितलंत," ते म्हणाले. मग विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

"जरा बसलेला. सर्दी असावी."

"गळ्याला काही गुंडाळत नाही ती. पहिल्यापासून," काका म्हणाले, आणि एका डोळ्याने खाली बघत पायाने चपला शोधू लागले.