भिंतीआड अडलेले पाणी

"ताई, रस्ता तुमच्याच खात्याचा ना?" दूधवाल्याने इस्पितळातल्या पलंगावरून विचारले.

मांडीच्या हाडात सळई घातलेली, तरी आवाजात राग नव्हता. तो रागावला असता तर बरे झाले असते, असे इंजिनिअरबाईंना वाटले. इतकी वर्षे तो त्यांच्या दारात दूध घालत होता. इस्पितळाच्या चढावर सायकलच्या चाकाखालचा रस्ता खचला आणि भरलेल्या कॅनसकट सायकल त्याच्या पायावर आली.

"अपघाताच्या कागदावर हे म्हणे जोरात होते," उशाशी बसलेली त्याची बायको म्हणाली. "चढावर, दोन कॅन लादून, जोरात! अहो, निम्मा चढ तर हे सायकल ढकलत नेतात. लिहिणाऱ्याने एकदा ढकलून बघावी म्हणावं."

बाई तिथून उठल्या त्या थेट चढावर गेल्या. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, पण एक ट्रक गेला तशी डांबराच्या भेगेतून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. रस्ता अजून आतून भिजलेलाच होता.

हा रस्ता झाला तेव्हा बाई नोकरीत नव्या होत्या आणि पोटुशी, सातवा महिना चालू होता. कुणी खुर्ची दिली नाही म्हणून पालथ्या घमेल्यावर बसून त्यांनी खडीच्या थरात भोकांचे पाईप घालून घेतले होते. टेकडीचे पाणी जमिनीतून रस्त्याखाली झिरपायचे आणि त्या पाईपांतून उताराच्या बाजूला बाहेर पडायचे. यंदा त्याच बाजूला शोभेची दगडी भिंत उभी राहिली आणि पाईपांची तोंडे तिच्यामागे गाडली गेली. बाईंनी भर बैठकीत हे सांगितले होते. साहेबांनी मान डोलावली होती. कळत सगळ्यांनाच होते, फक्त वळत कुणालाच नव्हते.

"भिंतीला भोकं पाडायला हवीत, साहेब. आजच."

"बाई, परवा पाहुणे येतायत. पाहणी होऊ द्या, मग बघू."

"माणूस मोडून पडलाय."

"वाईट झालं. पण सायकल जरा सांभाळून चालवायला नको?"

बाई साहेबांच्या टेबलावर वाकल्या. "तो जोरात होता, हे तुम्हीच लिहिलंत?"

साहेब फोनकडे वळले.

घरी नवरा म्हणाला, "तुझं काय जातंय? दोन वर्षांनी घरीच बसायचंय."

"त्याच रस्त्यावरून घरी यायचंय मला," त्या म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मुकादमाला भिंतीपाशी उभे केले.

"बाई, नोकरी जाईल."

"गेली तर माझी जाईल. तू ड्रिल धर."

"मग धरतो. माझी कधी पक्की नव्हतीच."

दगड फुटला. आधी चिखल आला, मग तांबूस पाणी भसाभसा नव्या फरशीवर पसरले. साहेब गाडीतून उतरले तेव्हा त्यांचे बूट भिजले.

"कुणाला विचारून फोडलीत?"

"बांधताना कुणाला विचारलं होतं?" बाईंचा आवाज एवढा चढला की रस्त्यापलीकडची माणसे थांबली. "गरिबाचा पाय मोडायचा, वर दोषही त्याच्याच माथी मारायचा! लाज कशी वाटत नाही?"

साहेब ओल्या बुटांनी गाडीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत भोकांत सिमेंट भरून पुढे फुलांच्या कुंड्या मांडल्या गेल्या. पाहुणे आले, भिंतीचे कौतुक करून गेले. बाईंची बदली गोदामात झाली. दिवसभर फावडी आणि पिंपे मोजायची. पुढच्या पावसात चढाचा अर्धा रस्ता बसला. मग भिंत पाडली, पाईप मोकळे केले. कारण दिले, अतिवृष्टी. साहेबांना बढती मिळाली. दूधवाल्याच्या नावावरचा 'जोरात' मात्र कुणी खोडला नाही. बाई त्यासाठी तीनदा खेटे घालून आल्या.

त्याचा पाय आखूडच राहिला. आता रतीब त्याची बायको घालते.

एका सकाळी गोदामाकडे निघालेल्या बाईंना ती चढावर दिसली. पदर खोचून, दोन्ही हातांनी सायकल ढकलत होती. बाईंनी पर्स खांद्यावर अडकवली आणि मागून कॅरिअरला हात लावला. तिने वळून पाहिले.

"राहू द्या, ताई. हात खराब होतील."

"चल तू," बाई म्हणाल्या.

कोरड्या रस्त्यावरून दोघी सायकल वर नेऊ लागल्या. कॅनमधले दूध हळूहळू हिंदकळत होते.